कंपनीतले पाहुणे

आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, समोरचा माणूस खरा की खोटा हे ओळखायची एकच रीत ठाऊक. आडनाव काय, गाव कोणतं आणि अमक्यातमक्याचे तुम्ही कोण. एवढं जुळलं की तो माणूस घरचा. मग त्याला चहा, मग जेवण, आणि फारच जुळलं तर मुक्काम. खरी गंमत अशी की उत्तरं समोरच्याला द्यावीच लागत नाहीत. प्रश्नही तात्यांचे आणि उत्तरंही तात्यांचीच. समोरच्यानं नुसती मान हलवायची. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, मान हलवणारा माणूस या घरातून कधी उपाशी गेलेला नाही.

ही २००४ सालातली गोष्ट. नाशकातल्या द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर आणि पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. माझा म्हणजे माझाच. एका छापखान्यात अक्षरजुळणी करून साठवलेल्या पगारातून घेतलेला. नवरा, रविराज, खतांच्या कंपनीत फिरतीवर. आठवडाभर गावोगाव हिंडायचा आणि शनिवारी उगवायचा. घरात मी, तात्या आणि सासूबाई. त्यांचं नाव साळूबाई, माहेर वणीचं. मी घरी बसून लग्नपत्रिका, बायोडेटा, अर्ज असलं टाइप करून द्यायची. तात्या त्याला कॉम्प्युटर म्हणायचे नाहीत, डबा म्हणायचे. योगिनी दिवसभर डब्यापुढं बसलेली असते, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्याच डब्याच्या जिवावर घरात नवा फ्रीज आला होता, पण ते सांगायला त्यांना कधी सुचलं नाही.

त्या दिवसांत माझ्याकडे ज्योत्स्ना मॅडमचा प्रबंध होता. त्या कॉलेजात शिकवायच्या. हरसूलकडच्या डोंगरातल्या बायकांची गाणी त्यांनी कित्येक वर्षं पायपीट करून गोळा केली होती. त्यांचं अक्षर असं की त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. त्यांना शेजारी बसवून, एकेक ओळ विचारून मी सगळं टाइप केलं होतं. फ्लॉपीवर उतरवून ठेवायची मी, नाही असं नाही, पण त्या काळच्या फ्लॉप्या म्हणजे आज उघडली ती उद्या उघडेल याचा भरवसा नसायचा. तेव्हा प्रबंध होता तो त्या डब्यात. सोमवारी विद्यापीठात द्यायचा होता. तो गेला असता तर मॅडमच्या कष्टांवर पाणी पडलं असतं, आणि माझं नाव असं खराब झालं असतं की नाशकात कोणी साधी पत्रिकासुद्धा माझ्याकडे टाकली नसती.

नेमका त्याच आठवड्यात घरी कंपनीचा फोन आला.

मी कागद आणायला गेले होते, फोन तात्यांनी घेतला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला म्हणे. कंपनीतून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, इथे आमच्या पडद्यावर सगळं लाल दिसतंय. तो आता फोनच्या तारेतून गल्लीभर पसरेल, आणि फोन तुमच्या नावावर आहे म्हणजे जबाबदारी तुमच्यावर येईल. आता कोणत्या कंपनीतून, हे शेंबडं पोरही विचारेल. कॉम्प्युटरच्या, फोनच्या की बिस्किटांच्या? तात्यांनी विचारलं, "आडनाव काय आपलं?"

तो म्हणाला, पाटील. हुशार माणूस. पाटील म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्रात कुठे ना कुठे सोयरीक निघतेच.

"कुठले पाटील? वणीकडचे का?"

"हो, त्याच बाजूचे."

मग काय विचारता. तात्यांनी त्याला त्याचं घर वणीत कुठे आहे ते सांगितलं, त्याच्या आजोबांचं नाव सांगितलं, त्याची आत्या साळूबाईंच्या चुलतभावाला दिलीय हेही सांगून टाकलं. त्या बिचाऱ्यानं फक्त हो हो केलं. फोन ठेवेपर्यंत तो आमच्या नात्यात आला होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला यायचं ठरलं होतं. त्यानं एवढंच बजावलं होतं की तपासणी होईपर्यंत कोणाला बोलू नका, लोक उगाच घाबरतात. तात्यांनी ते इतकं मनावर घेतलं की ज्या बाईचा कॉम्प्युटर तिलाही पत्ता लागू दिला नाही. मला फक्त कळलं की उद्या वणीचे पाहुणे येणार आहेत, पुरण घालायचंय.

पुढे किती दिवस तात्यांना एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं, की एवढ्या मोठ्या कंपनीला आपला नंबर कसा ठाऊक. अहो, दारावर पाटी आहे माझी. मराठी टायपिंग करून मिळेल, आणि खाली एवढा मोठा फोन नंबर. मीच रंगवून घेतलीय.

आणि मला सांगा, कंपनी कधी स्वतःहून फोन करते का? आमचा फोन आठवडाभर मुका होता तेव्हा मी ऑफिसात खेटे घालून थकले, तिथला माणूस मान वर करून बघेना. कॉम्प्युटर जिथून घेतला तो दुकानदार गॅरंटीत असताना ओळख दाखवत नव्हता. आणि ही कोण प्रेमळ कंपनी, जिला माझ्या घरात बसून मला न दिसलेला व्हायरस तिच्या ऑफिसातून दिसतो आणि जी माणूस घरी पाठवते? पण हे प्रश्न मला कोणी विचारायची संधीच दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच पुरण शिजवून ठेवलं आणि शेवटच्या प्रकरणातल्या दुरुस्त्या आणायला मॅडमकडे गंगापूर रोडला गेले. माझ्यामागे घरात जे झालं ते सासूबाईंनी नंतर सांगितलं.

पाटील आला तो टाय लावून, गळ्यात फोटोचं कार्ड अडकवून. आल्या आल्या दोघांच्या पाया पडला. तिथेच निम्मं काम झालं. मग त्यानं कॉम्प्युटर चालू केला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग सोडली. सरसर सरसर वर जाणारी. म्हणाला, बघा तात्या, हे सगळे व्हायरस. तात्यांनी चष्मा लावून बघितलं आणि देवाचं नाव घेतलं. अहो, ती माझ्या फायलींची यादी होती. कोणत्याही कॉम्प्युटरला सांगितलं की तो त्याच्या पोटात काय काय आहे ते असं सरसर दाखवतो. कोणाच्याही घरातला माळा उघडून बघा बघा किती पसारा, घर पडणार आता, असं ओरडावं, तसलाच प्रकार. मग त्यानं दुसरीकडे कुठेतरी लाल फुल्या दाखवल्या. त्याही प्रत्येक कॉम्प्युटरात असतात, धडधाकट असला तरी. पण तात्यांना लाल फुली म्हणजे शाळेतली नापासाची फुलीच ठाऊक.

पाटील म्हणाला, इथे होणार नाही, लॅबमध्ये न्यावा लागेल, संध्याकाळी आणून देतो. आणि बंद पडू द्यायचा नसेल तर आजच न्यायला हवा, उद्या हातचा जाईल.

तात्यांच्या अंगात तेव्हा समाजसेवा संचारली. आपल्यावरचं संकट टळतंय म्हटल्यावर शेजाऱ्याचंही टाळावं. ते पाटलाला घेऊन शेजारच्या चिमाजीरावांकडे गेले. चिमाजीरावांनी मुलीच्या अभ्यासासाठी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता, अजून त्यावरचा प्लॅस्टिकचा कागद काढला नव्हता. ते जरा का कू करत होते, कंपनीचं पत्र वगैरे आहे का विचारत होते. तात्यांनी त्यांना झापलं. "चिमाजीराव, आमचा पाहुणा आहे. त्याच्यावर संशय म्हणजे माझ्यावर संशय." चिमाजीराव दारातून बाजूला झाले. पाटलाचा जोडीदार रिक्षा घेऊन कोपऱ्यावर उभाच होता. चिमाजीरावांचा कॉम्प्युटर कागदासकट रिक्षात बसून गेला. रिक्षा दुसऱ्या फेरीला आमच्यासाठी येणार होती, तोवर पाहुणा जेवून घेणार होता.

मी दारात पाय ठेवला तो हे दृश्य. पाटावर पाहुणा, पुढ्यात पुरणपोळी. माझं टेबल रिकामं, पडदा एकटाच बसलाय, वायरी लोंबतायत. आणि उंबऱ्याशी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गाठ मारून बांधलेलं गाठोडं. त्या गाठोड्यात काय आहे ते मला उघडून बघावं लागलं नाही.

तात्या कौतुकानं सगळं सांगायला लागले. मी म्हटलं, तात्या, हे असं नसतं, माझा कॉम्प्युटर सोडा. तात्यांनी डोळे वटारले. पाहुणा जेवतोय आणि तू काय बोलतेस, तेही तुझ्या सासूच्या माहेरचा. पाटील शांतपणे म्हणाला, वहिनी, घाबरू नका, बायकांना या गोष्टी नवीन असतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं मी त्या डब्याचं पोट उघडून धूळ पुसतेय, आणि हा मला नवीन सांगतोय.

पण मी गिळलं. कारण एक गोष्ट मला कळत होती. मी आरडाओरडा केला असता तर सून पाहुण्यांवर धावून गेली एवढंच गल्लीत झालं असतं, आणि डबा रिक्षात चढलाच असता. फायली आणि फुल्या या घरात कोणाला समजणार नव्हत्या. या घरात एकच परीक्षा चालते, ती म्हणजे गाव कोणतं नि कोणाचे कोण. ठीक आहे म्हटलं, तीच घेऊ. मी हातपाय धुतले, तुपाची वाटी घेतली आणि पाहुण्याच्या समोर जाऊन बसले.

"वणीचे म्हणजे आमच्या बहिरूमामांना ओळखत असाल तुम्ही."

"बहिरूमामा?" तो हसला. "म्हणजे काय, घरचेच आहेत."

"पाय कसा आहे आता त्यांचा? मध्यंतरी लंगडत होते."

"आता बरा आहे. परवाच भेटले देवीच्या पायथ्याशी. तुम्हा सगळ्यांची फार आठवण काढत होते."

स्वयंपाकघरात कुरडया तळण्याचा आवाज चालला होता तो थांबला. सासूबाई हातात झारा घेऊन दारात आल्या.

"कोन भेटलं तुला?"

"बहिरूमामा, मावशी."

सासूबाईंनी त्याच्याकडे टक लावून बघितलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "बहिरू आमचा बैल व्हता. मला सासरी सोडाया गाडीला तोच जुपला व्हता. रविराज पोटात व्हता तवा मेला तो."

पाटलाचा घास हातातच राहिला. आणि मी शपथेवर सांगते, त्या वेळी सुद्धा तात्या त्याच्या मदतीला धावले. "असेल गं दुसरा कोणी बहिरू," ते म्हणाले. "वणी काय लहान आहे?"

"हो, हो, दुसरेच," पाटील म्हणाला. "आमच्याकडचे बहिरूमामा वेगळे." आणि तो उठला, हात न धुता. बाहेर रिक्षाचा आवाज आला होता.

तो गाठोड्यापर्यंत पोचायच्या आत सासूबाई पोचल्या. त्यांनी भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. झारा कोपऱ्यात ठेवला, पदर खोचला आणि त्या गाठोड्यावर बसल्या. आमच्या सासूबाई चांगल्या भरल्या अंगाच्या आहेत. पत्र्यानं कर्र आवाज केला आणि माझ्या काळजानंही केला. पाटलानं एकदा गाठोड्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि मी दारातून गल्लीला हाका मारायला लागले तसा तो माझ्या अंगावरून उडी मारल्यासारखा बाहेर गेला. चप्पल इथेच टाकून. रिक्षा वळून दिसेनाशी झाली.

सासूबाई बराच वेळ उठल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माहेरचं मानूस म्हनून मी त्याला साजूक तूप वाढलं," एवढंच म्हणाल्या. मला इतकं वाईट वाटलं की क्षणभर मी प्रबंधही विसरले.

क्षणभरच. मग गाठोडं सोडलं. डब्याच्या वरच्या पत्र्याला खळगा पडला होता, अजूनही आहे. वायरी जोडल्या. कळ दाबली, आतला पंखा घरघरला, आणि पडदा उजळायला जो वेळ लागतो ना, तेवढ्यात मी आमचे, माहेरचे, सगळे देव आठवले. पडदा उजळला. मॅडमच्या बायका आपापल्या गाण्यांसकट जागच्या जागी होत्या. मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले.

सोमवारी प्रबंध विद्यापीठात पोचला. चिमाजीरावांचा कॉम्प्युटर मात्र कुठेच पोचला नाही. पोलिसांत गेलो, तिथे त्यांनी पाटलाचा पत्ता विचारला. तात्यांना त्याच्या आजोबांचं नाव, घर, आत्या, सगळं पाठ होतं, फक्त त्यातलं काहीही त्यानं सांगितलेलं नव्हतं. चिमाजीरावांनी भांडण काढलं नाही. त्यांनी फक्त आमच्या दारावरून जायचं सोडलं, पलीकडून वळसा घालून जायला लागले. त्यांची मुलगी माझ्याकडे येऊन अभ्यासाचं टाइप करायची आणि तात्या समोर आले की खाली बघायची. मी तिच्याकडून कधी काही घेतलं नाही.

तुम्हाला वाटेल तात्या खजील झाले असतील. छे. आठवड्याभरात ते नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर या विषयातले जाणकार झाले होते. आपण त्याला फोनवरच ओळखलं होतं, पण रंगेहाथ धरायचा म्हणून जेवायला बोलावलं, असं ते सांगायचे. बैलाची युक्तीही त्यांचीच झाली होती. सासूबाई गाठोड्यावर बसल्या हे तेवढं ते गाळायचे. लोक त्यांना विचारायला यायचे, की तात्या, असले लोक ओळखायचे कसे? मी घसा फोडून सांगत होते, की अहो, बोलावल्याशिवाय आलेला दुरुस्तीवाला दारातूनच परत पाठवा, घाई करणाऱ्याला उद्या या म्हणा, कोणाला सांगू नका म्हणणाऱ्याचं आधी गल्लीभर सांगा. पण सुनेचं कोण ऐकतं? लोकांना बैल आवडला होता.

पावसाळा संपता संपता पुन्हा फोन वाजला. मी टाइप करत होते, सासूबाई जवळच सुपात तांदूळ निवडत होत्या. फोन तात्यांनी घेतला. एवढ्या शांततेत पलीकडचा आवाजही ऐकू येत होता. आवाज वेगळा, अदब तीच. तपास खात्यातून बोलतोय. कॉम्प्युटर चोरणारी टोळी सापडली आहे, शेजाऱ्यांचा माल मिळेल, पण आधी तुमचा कॉम्प्युटर तपासावा लागेल, त्यावर चोराच्या बोटांचे ठसे आहेत. आमचा माणूस येऊन घेऊन जाईल, संध्याकाळी परत. तपास चालू आहे, कोणाला बोलू नका.

मी खुर्चीतून उठले. तात्यांनी मला हातानंच थांबवलं. मला सगळं ठाऊक आहे, असा तो हात होता. मग त्यांनी घसा खाकरला आणि मुरलेल्या फौजदारासारखं विचारलं, "वणीच्या आमच्या बहिरूमामांना ओळखता का तुम्ही?"

"नाही साहेब," पलीकडचा म्हणाला. "मी त्या बाजूचा नाही."

तात्यांनी फोनवर तळहात दाबला. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला आधी काही कळेचना.

"नाही म्हणाला," ते कुजबुजले. "ओळखत नाही म्हणाला. माणूस खरा आहे. उद्या जेवायला काय करता?"

मी कपाळावर हात मारला. सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, टेबलाशेजारी उभ्या असलेल्या माझ्या डब्यापाशी आल्या, पदर खोचला आणि त्याच खळग्यात जाऊन बसल्या.